एका पोटचं रगत

जाम गावच्या चौकात ट्रक थांबला की ड्रायव्हर आधी चहा सांगतो, मग टायरला लाथ मारून बघतो आणि मग, ताडपत्री फाटलेली असेल तर, तानबाला हाक मारतो. तानबाचं दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या, सीटकव्हर शिवायचं एक जुनं मशीन आणि डोक्यावर ठिगळाठिगळांची एक ताडपत्री. "साऱ्या दुनियेची भोकं बुजवतो मी, अन् माह्याच डोक्शावर उन्हाचे कवडसे," असं तो स्वतःच सांगून टाकायचा. दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ही त्याची आयुष्यभराची रीत. आपल्यावरचा विनोद आपणच करून ठेवला की लोकांच्या वाट्याला उष्टाच येतो.

वीतभर लांबीचं दाभण हातात घेऊन तो भर उन्हात ट्रकच्या टपावर चढायचा आणि वीस-वीस हात शिवण घालत जायचा. कधी दाभण बोटात गेलं तर बोट तोंडात घालून खाली ड्रायव्हरला ओरडून सांगायचा, "तुह्या गाडीनं माह्यं रगत पेलं बे! आता हैद्राबादपर्यंत तुले काई होत नाई!" पण डॉक्टरची सुई दिसली की हाच सहा फुटी माणूस पांढराफटक पडायचा. शाळेत लस टोचायला माणसं आली होती तेव्हा तानबा कवठाच्या झाडावर चढला, तो त्यांची जीप वेशीबाहेर गेल्यावरच उतरला. अख्ख्या वर्गाला ताप आला आणि हा एकटा ठणठणीत, म्हणून मास्तरांनी त्यालाच सगळा वर्ग झाडायला लावला.

त्याची बायको जयवंता, मोठी आंजी या गावची. दोघांत बोलायचं काम तानबाचं आणि ऐकायचं तिचं, अशी वाटणी लग्नातच झालेली असावी. लग्न झालं एकोणनव्वद साली. पुढच्या सहा वर्षांत तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथा महिना लागता लागता पोट रिकामं झालं.

तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. गर्भारणीला हिरवी चोळी घालायची, तीही गुपचूप, म्हणजे कोणाची नजर लागत नाही. तानबाची आई शकुंतलाबाई हिरवा खण आणायच्या आणि तानबा सीटकव्हरच्या मशीनवर चोळी शिवायचा. यात चोरी काय राहायची, देव जाणे. शेजारच्या मनकर्णाबाईला मशीनच्या आवाजावरूनच कळायचं. रेग्झिनवर ते मशीन घरघरायचं, खणावर कुरकुरायचं. अशा तीन चोळ्या झाल्या. तिसऱ्यांदा पोट गेल्यावर महिनाभरानं जयवंतानं तिन्ही चोळ्या पेटीतून काढल्या आणि रोज घरकामाला घालायला लागली. शकुंतलाबाईंनी डोळे वटारले. "कापडाचा काय गुन्हा?" एवढंच जयवंता म्हणाली.

सत्याण्णव साली कोणीतरी नागपूरच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं. पोटातलं बाळ अर्धं आईचं, अर्धं बापाचं. बापाचा अर्धा भाग आईच्या अंगाला परका. बाकी बायांचं अंग त्या परक्याला ओळखून सांभाळून घेतं, काहींचं घेत नाही, हाकलून देतं. तर बापाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या आणि आईच्या हाताला कातडीखाली टोचायच्या. दर तीन आठवड्यांनी. अंगाला आधीच ओळख करून द्यायची, की बाई, हा आपलाच माणूस.

"म्हंजे डॉक्टरसाहेब," तानबा म्हणाला, "आठ वर्स एका घरात राहून हिच्या अंगाले माही ओळखच नाई पटली? माह्याइतका पाहुणा तं पाहुणाबी नाई!"

डॉक्टर हसले. जयवंता हसली नाही. तिनं विचारलं, "यायचंच रगत लागन?"

"नवऱ्याचंच," डॉक्टर म्हणाले.

व्यवस्था अशी होती, की सकाळी सातला नवऱ्यानं पलीकडच्या रस्त्यावरच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, लॅबवाल्यांनी चार-पाच तास त्यावर काम करायचं आणि दुपारी बायकोनं दवाखान्यात येऊन टोचून घ्यायचं. तानबा पहिल्या गाडीनं एकटाच निघायचा. जयवंता आणि शकुंतलाबाई मागून दहाच्या गाडीनं.

पहिल्या वेळी त्यानं डोळे गच्च मिटून रक्त दिलं. निदान द्यायला सुरुवात केली. शुद्धीवर आला तेव्हा तो फरशीवर होता, तोंडावर पाणी होतं आणि लॅबमधली एक पोरगी दुसरीला म्हणत होती, "एवढा मोठा माणूस गं!" अर्ध्या नळीचं राहिलेलं रक्त त्यांनी तो आडवा असतानाच काढून घेतलं होतं. दुपारी जयवंतानं विचारलं, कपाळाले काय झालं? तो म्हणाला, बसमधी झपकी लागली, दांडी लागली.

पुढच्या खेपेला पहिल्या गाडीत बसल्यापासूनच तो दर थांब्याला दाराकडं बघत होता. बुटीबोरी आली तसा तो उठला आणि उतरला. तिथल्या एका कारखान्यात त्याचा धाकटा भाऊ प्रफुल कामाला होता आणि जवळच खोली करून राहत होता.

"मीच देऊ?" प्रफुल दात घासता घासता थांबला. "दादा, डॉक्टरनं नवऱ्याचं मांगतलं नं?"

"अबे, त्याले काय मालूम आपण कोण हाओत? एका मायच्या पोटचे, एका ताटात जेवलेले. तुह्या-माह्या रगतात काय फरक हाय?"

"इचारून घ्यावं म्हणतो."

"इचारलं का तो नाई म्हणन. नाई म्हणाचीच त्याले फी भेटते. अन् हे पाय." तानबानं खिशातून लॅबचं कार्ड काढलं. "बी पॉझिटिव. तुहं काय हाय?"

कारखान्यानं काढून दिलेल्या ओळखपत्रावर प्रफुलचा गट लिहिलेला होता. तोही तोच. तानबानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली, जमिनीचे दोन नकाशे जुळवून पाहावेत तशी. "आता बोल! एकच माल हाय का नाई?"

प्रफुलनं चूळ भरली आणि शर्ट घातला. मोठ्या भावाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. लॅबमध्ये त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. वहीत तानबाचं नाव होतं, त्या नावापुढं रक्त जमा झालं. अशा तीन खेपा झाल्या.

इकडे शकुंतलाबाई पोराचं रक्त भरून यावं म्हणून डिंकाचे लाडू वळत होत्या, गावरान अंडी उकडत होत्या. तानबाला नाही कसं म्हणता येणार? तो खात होता. त्याचं वजन चार किलोंनी वाढलं. "जुनं रगत निंगालं का नवं चांगलं येते," शकुंतलाबाई मनकर्णाबाईला सांगायच्या, आणि तानबा तिसरा लाडू उचलायचा. त्या लाडवांची त्याला मनातून लाज वाटायची, पण पोटाला वाटत नव्हती.

टोचलेल्या जागी जयवंताच्या हाताला रुपयाएवढ्या लाल गांधी उठायच्या आणि आठ-आठ दिवस खाजायच्या. ती खाजवायची नाही. नखं लागली तर आतलं बिघडेल, असं तिनंच ठरवलं होतं. एकदा भाकरी थापताना तिनं तो हात तानबापुढं धरला आणि म्हणाली, "पाहा. आज तुमी मले लय तरास देऊन राह्यले."

तानबाला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या लाल गांधींना ती 'तुमी' म्हणत होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि जयवंतानं केलेला हा पहिला विनोद. जन्मभर लोकांना हसवणाऱ्या तानबाला त्यावर हसता येईना. त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले. डॉक्टरांनी आणखी एकदा टोचून घ्यायला सांगितलं. तेही प्रफुलचंच गेलं. आता मध्येच गाडी कशी बदलायची, असा तानबाचा हिशेब. या वेळी जयवंतानं चोरचोळी करू दिली नाही. तानबानं पंधरा दिवस मशीनला हातच लावला नाही. आलेली सीटकव्हरं त्यानं हातानं शिवली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीच्या संध्याकाळी, ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चौथा महिना लागून नऊ दिवस झाले होते. तानबा दाराबाहेर उभा होता. आतून पाण्याचा आवाज येत होता, दुसरा काही नाही. मग तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "मायले सांगा, उद्याच्या पुरणपोया तिनंच करा लागन."

त्यानंतर जे सुरू झालं ते शकुंतलाबाईंनी काही कपटानं सुरू केलं नाही. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनाही नातू हवा होता, आणि दुःखाला कुठंतरी टेकायला जागा लागते. ओट्यावर बसून त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "माह्या पोरानं पाच-पाच खेपा रगत देलं. नवऱ्याचं रगत हिच्या अंगीच लागलं नाई, बाई. आता कोणाले बोल लावाचा?" बोल लावायचा प्रश्न त्यात उरलाच नव्हता. हळूहळू ते सगळ्या जाममध्ये झालं. जिच्या अंगाला नवराच चालत नाही ती बाई. बारशाला तिला बोलावणं येईना. आलं तर पाळण्याजवळ जाताना तीच दोन पावलं मागं राहायची.

तानबानं ट्रकांच्या टपावर बसून आपल्यापुरता निवाडा करून ठेवला होता. डॉक्टरनं हिच्या अंगातल्या राखणदाराला ओळख करून द्या म्हटलं होतं. आपण ओळख करून दिली भावाची. आणि दारात आलं लेकरू आपलं. राखणदार काय करणार बिचारा? त्यानं हाकललं. म्हणजे चौथं लेकरू आपण मारलं, एका सुईला भिऊन. दाभण टोचत, सुतळी ओढत तो हे पुन्हा पुन्हा तपासायचा, आणि दर वेळी शिवण तिथंच येऊन संपायची. पुढं प्रफुलचं लग्न झालं, मुलगा झाला. त्या पोराला मांडीवर घेतलं की तानबा त्याच्याशी काहीबाही बडबडायचा, पण फार वेळ घ्यायचा नाही.

एकदा अंगणात मिरच्या वाळत घालताना जयवंता म्हणाली, "माहं अंगच तुम्हाले घेत नाई. तुमी दुसरी करा."

सांगायची वेळ हीच होती. शब्द दातांपर्यंत आले होते. आणि तानबा म्हणाला, "दुसरी करू म्हणतं? मंग तिलेबी टोचा लागन. मले नाई परवडत बाप्पा, आधीच मी लाडू खाऊन खाऊन फुगलो."

जयवंता थोडंसं हसली आणि पुढची पाटी उचलायला गेली. तो तसाच मिरच्यांत उभा राहिला.

आठ वर्षं गेली. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये जयवंताचं अंगावरचं जाणं थांबेना म्हणून तानबा तिला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. गर्भाशयात गाठी होत्या. पिशवी काढावी लागेल, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरुण होत्या, सावकाश बोलत होत्या. जुनी नागपूरची फाईल चाळताना त्या एका पानावर थांबल्या.

"ही लस घेतली होती तुम्ही? आता सहसा कोणी देत नाही ही."

"काऊन?" तानबानं विचारलं.

"परदेशात मोठी तपासणी झाली तिची. काही बायकांना नवऱ्याच्या पेशी टोचल्या, काहींना नुसतं मिठाचं पाणी. लस घेतलेल्यांना काही फायदा झालेला दिसला नाही. नव्व्याण्णव साली आला तो निकाल. तुमच्या डॉक्टरांची चूक नाही, तेव्हा हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं."

तानबा खुर्चीच्या कडेला आला. "मॅडम, अन् रगत जर नवऱ्याचं नसन तं? समजा भावाचं असन. चुकीनं. तं त्याच्यानं लेकरू जाईन का?"

"भावाचं असो की कोणाचं. त्यामुळं मूल गेलं असं नाही म्हणता येणार."

आठ वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी एका हातानं उचलून बाजूला ठेवला. तानबाला हसू फुटणारच होतं. ही बातमी कोणाला तरी सांगावी म्हणून तो शेजारी वळला. जयवंता स्वतःच्या हाताकडं बघत होती. गांधी उठायच्या तिथं आता काहीच नव्हतं, तरी ती तिथंच बघत होती.

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "कितीकदा?"

"तीनदा. अन् दिवस गेल्यावर एकदा."

"कोणाचं?"

"प्रफुलचं."

तो घाईनं म्हणाला, "मॅडम म्हणाल्या नं, त्याच्यानं काई झालं नाई."

"म्या आयकलं."

"मंग?"

"माह्या अंगात कोणाचं रगत घालून राह्यले ते मले सांगतलं नाई, ते एक." जयवंता एका सुरात बोलत होती, यादी वाचावी तशी. "दुसरं. तुमची माय आठ वर्स ओट्यावर बसून सांगते का नवऱ्याचं रगत हिच्या अंगी लागलं नाई. तुमी तिथंच बसून चहा पेत होते. म्याबी तेच खरं मानलं. मले वाटे माह्याच अंगात काईतरी घाण हाय, घरच्या माणसाले ओळखत नाई. अन् एक खेप सोडली तं नवऱ्याचं रगत होतंच नाई."

समोर एक माणूस सायकलला हवा भरत होता, त्याच्याकडं तानबा बघत राहिला.

"मंगळवारी भरती व्हा लागते," ती म्हणाली. "पिशवी डॉक्टर काढतीन. आळ तुमी काढा. त्याच्या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. पलीकडच्या ओट्यावर मनकर्णाबाई सुपानं काहीतरी पाखडत होती. तानबा आईपुढं जाऊन उकिडवा बसला.

"माय, रगत म्या एकदाच देल्तं. बाकीच्या खेपा प्रफुलच्या होत्या."

"काय म्हणतं?"

"मले चक्कर आली. मी भेलो. म्हणून त्याले पाठवलं."

शकुंतलाबाईंनी शेजारच्या ओट्याकडं पाहिलं. "हळू बोल बाप्पा. मनकर्णा आयकते."

"आयकू द्या." जयवंता दारात उभी होती. "मोठ्यानं बोला. बाकी समदं मोठ्यानंच झालं."

तानबाचा आवाज ट्रकच्या टपावरून रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा सांगून सांगून तयार झालेला होता. तो उभा राहिला आणि त्याच आवाजात त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. पलीकडचं सूप थांबलं.

"अवं पण," शकुंतलाबाई पुटपुटल्या, "दोघंही माह्याच पोटचे. एकच रगत तं हाय."

आपलंच वाक्य आईच्या तोंडून ऐकताना तानबाला ते किती पोकळ आहे ते कळलं.

"एकच होतं तं माह्या अंगाले काऊन बोल लावला?" जयवंता म्हणाली.

शकुंतलाबाईंच्या हातातली तूर हातातच राहिली. त्या म्हणाल्या, "मले काय मालूम होतं वं, पोरी."

"मले मालूम होतं," तानबा म्हणाला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मनकर्णाबाई सूप तिथंच टाकून कुठंतरी कामाला निघाली. दुपारपर्यंत चौकात झालं. संध्याकाळी एका ओळखीच्या ड्रायव्हरनं हाक मारली, "काहो तानबाभाऊ, तुमचे लाडूबी प्रफुलच खात होता का?" सगळे हसले. तानबानं मान खाली घालून सुतळीला मेण लावलं आणि लोकांना हसू दिलं.

मंगळवारी सकाळी दोघं वर्ध्याच्या गाडीत बसली. शकुंतलाबाई "मीबी येऊ का?" म्हणाल्या होत्या. "आता नोका," जयवंता म्हणाली, पण त्यांच्या पाया पडून निघाली. तिघांच्या बाकावर खिडकीशी ती बसली, मध्ये कपड्यांची पिशवी ठेवली आणि कडेला तानबा.

कंडक्टर आला. "दोन वर्धा?"

जयवंतानं कमरेचा बटवा सोडला. "एक," ती म्हणाली.

कंडक्टरनं तानबाकडं पाहिलं. तानबानं खिशात हात घातला. "अन् एक."

अर्ध्या रस्त्यात ऊन वर आलं तसं जयवंताचे ओठ सुकलेले दिसले. तानबानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढं धरली.

"मले नोको," ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली. "तिथं गेल्याबरोबर माह्यं रगत काढाचं हाय तपासाले. उपाशी याले सांगतलं."

हे त्याच्यासमोरच सांगितलं होतं. तो विसरला होता. सकाळी घरी तो दोन कप चहा प्याला होता, पोळी खाल्ली होती. त्यानं बाटलीचं झाकण लावलं, ती मांडीवर धरली आणि गाडी वर्ध्यात शिरेपर्यंत तशीच धरून बसला.